‘साहजिक आहे’ म्हणून राउंड पुढे सरकतो तेव्हा

प्रति,
गंभीर शारीरिक आजारांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांचे संचालक, विभागप्रमुख आणि नर्सिंग अधीक्षक यांना

विषय : शारीरिक आजाराच्या रुग्णांमधला आत्महत्येचा धोका आणि वॉर्डात, ओपीडीत, डिस्चार्जच्या वेळी करायचे बदल

स. न. वि. वि.

कॅन्सर, किडनी निकामी होणं, मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे आजार, वर्षानुवर्षं न हटणारं दुखणं. यातला एखादा रुग्ण ‘आता नको झालंय’ म्हणाला की राउंडवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘साहजिक आहे.’ बोलणाऱ्याच्या मनात कणवच असते. पण तपासणी तिथेच थांबते. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, फाइलवर ‘आजारामुळे उदास’ एवढी नोंद पडते आणि राउंड पुढच्या बेडकडे सरकतो. न्यूमोनियात ताप येणंही साहजिकच असतं, तरी तो आपण दिवसातून चारदा मोजतो.

आम्ही शारीरिक आजारांच्या वॉर्डांत मानसिक आरोग्याचं आणि वेदनाशमनाचं काम करणारी माणसं आहोत. इच्छामरणाच्या कायद्यावरचा वाद या पत्रात नाही. ज्यांचा धोका ओळखता येतो आणि कमीही करता येतो, त्यांना कुणी विचारतच नाही, एवढीच आमची तक्रार आहे.

आधी आकडे. स्वीडनमध्ये १९९१ ते २००६ या काळातल्या साठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅन्सरचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात आत्महत्येचं प्रमाण कॅन्सर नसलेल्यांच्या १२.६ पट होतं, पहिल्या वर्षात ३.१ पट. डेन्मार्कमध्ये १९८० ते २०१६ या काळातल्या नोंदींत मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांसाठी एकूण प्रमाण १.८ पट निघालं. निदानानंतरच्या पहिल्या तिमाहीत ते ३.१ पट होतं. हंटिंग्टन (मेंदूचा आनुवंशिक आजार) आणि एएलएस (स्नायूंची ताकद हळूहळू घालवणारा मज्जासंस्थेचा आजार) या दोन आजारांत ते जवळपास पाचपट भरलं. पटीत सांगितलेले आकडे भीतिदायक वाटतात. प्रत्यक्षात असे आजार असलेल्या बहुसंख्य लोकांच्या हातून असं काही होत नाही, हेही तितकंच खरं आहे आणि रुग्णाशी बोलताना ते मनात असू द्यावं.

पण तो पहिला आठवडा पाहा. केमो सुरू झालेली नसते, दुखणं शिगेला पोचलेलं नसतं, बहुतेकांना चालता-फिरता येत असतं. नुसते शरीराचे हालच कारणीभूत असते तर हा आकडा शेवटच्या महिन्यांत चढायला हवा होता. आमच्या मते तो निदान कसं सांगितलं गेलं आणि त्यानंतरच्या दिवसांत माणूस कुणाच्या सोबतीनं होता, याच्याशी जास्त जोडलेला आहे. म्हणजे तो आपल्या हातातला आहे.

म्हणून निदान सांगण्याची वेळ आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी ठेवू नका. त्यानंतर दोन दिवस विभाग बंद असतो आणि प्रश्न पडायला लागतात ते नेमके तेव्हा. रिपोर्ट काउंटरवर हातात देऊ नका. सांगून झाल्यावर रुग्ण उठण्याआधी पुढच्या भेटीची तारीख आणि एका माणसाचं नाव त्याच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं असू द्या, आणि ४८ तासांच्या आत त्या माणसाने स्वतः फोन करावा. ‘आता करण्यासारखं काही नाही’ हे वाक्य तर विभागातून हद्दपारच करा. ते वैद्यकीयदृष्ट्याही खोटं आहे. २०१० मधल्या एका चाचणीत शरीरात पसरलेला फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, टीमची जोड दिली होती. त्यांच्यात नैराश्याची लक्षणं १६ टक्क्यांना दिसली, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३८ टक्क्यांना.

निदानाखेरीज आणखी काही वळणं अशीच नाजूक असतात. आजार उलटल्याचं कळतं तो दिवस. डायलिसिसचे पहिले तीन महिने. हंटिंग्टनमध्ये पक्कं निदान होण्याच्या जरा आधीचा काळ, आणि नंतर स्वतःची कामं स्वतः करता येईनाशी होतात तो काळ. उपचार संपून ‘आता सहा महिन्यांनी या’ असं सांगितलं जातं तो दिवसही यातच धरा. घरच्यांना तो सणासारखा वाटतो. रुग्णाला मात्र रोज भेटणारी, विचारपूस करणारी माणसं एकदम दिसेनाशी होतात.

आता विचारण्याबद्दल. ‘विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल’ ही भीती अनुभवी सिस्टरांनाही असते. अभ्यासांत तिला आधार सापडलेला नाही. उलट विचारल्यावर बऱ्याच जणांना हायसं वाटतं. खरी अडचण आपण विचारतो कसं ही आहे. मराठीत एक ‘ना’ सगळा घोटाळा करतो. ‘तसं काही मनात येत नाही ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. रुग्णाला कळतं की समोरच्याला ‘नाही’ ऐकायचंय, आणि तो ‘छे हो’ म्हणून आपली सोय करतो. ‘काही वेडंवाकडं करणार नाही ना?’ हे त्याहून वाईट, त्यात दटावणीही आली. सरळ विचारा : ‘इतकं सोसताना काही जणांच्या मनात जीव द्यावा असे विचार येतात. तुमच्या येतात का?’ आणि मग गप्प बसा. आठ-दहा सेकंदं जातील, ती जाऊ द्या. त्या शांततेत नाडी मोजायला किंवा सलाइन तपासायला लागू नका.

नातेवाईक शेजारी असताना हा प्रश्न विचारून उपयोग नाही. ‘जरा बाहेर थांबा’ म्हटलं की त्यांना धसका बसतो. त्यापेक्षा ‘आम्ही प्रत्येकच पेशंटशी पाच मिनिटं एकट्याने बोलतो’ असं सांगावं आणि खरोखरच प्रत्येकाशी बोलावं. भाषेची अडचण असेल तर दुभाषा म्हणून मुलाला किंवा सुनेला उभं करू नका.

प्रश्नांसाठी नवं काही शोधायला नको. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं तयार केलेली ‘एएसक्यू’ ही चाळणी चार प्रश्नांची आहे. गेल्या काही आठवड्यांत आपण मेलेलं बरं असं वाटलं का? आपण नसलो तर आपलं किंवा घरच्यांचं भलं होईल असं वाटलं का? गेल्या आठवड्यात जीव देण्याचे विचार आले का? पूर्वी कधी तसा प्रयत्न केला होता का? एका जरी प्रश्नाला ‘हो’ आलं किंवा रुग्णाने उत्तर द्यायचं टाळलं, तर पाचवा प्रश्न : आत्ता या घडीला तसे विचार येताहेत का? चाळणीला वीसेक सेकंद लागतात. चाळीस खाटांच्या वॉर्डात चौदा मिनिटंसुद्धा होत नाहीत, त्यामुळे ‘वेळ नाही’ हे कारण निदान इथे तरी चालणार नाही. दुसरा प्रश्न गाळू नका. शारीरिक आजारात ‘मी ओझं झालोय’ ही भावना फार खोलवर काम करते, आणि ‘जीव देण्याचे विचार नाहीत’ म्हणणारी माणसं या प्रश्नाला ‘हो’ म्हणतात.

पीएचक्यू-९ हा नैराश्य मोजण्याचा फॉर्म बऱ्याच ठिकाणी आधीपासून वापरात आहे. तो कसा फसतो ते जवळून पाहा. नऊ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर पुढे पाठवायचं, असा नियम. एका रुग्णाचे गुण आठ भरतात. फॉर्मवर ‘८, सौम्य’ असं लिहून तो रक्ताच्या रिपोर्टांखाली टाचला जातो. त्या आठातले दोन गुण नवव्या प्रश्नाचे असतात, म्हणजे मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार निम्म्याहून जास्त दिवस येत असतात. बेरजेत ते बुडतात. म्हणून नववा प्रश्न बेरजेच्या आधी वाचायचा. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर बेरीज किती का असेना, त्याच दिवशी कुणीतरी खुर्ची ओढून त्या रुग्णापाशी बसायला हवं.

दुसरी चूक उलट्या बाजूची. झोप, थकवा, भूक, एकाग्रता, हालचालीतला मंदपणा असे नऊपैकी पाच प्रश्न शारीरिक आजारातही ‘हो’ येतात. त्यामुळे अठरा गुण आले तरी ‘हे केमोमुळे’ म्हणून सोडून दिलं जातं. अशा वेळी उरलेल्या चारांकडे बघा : रस उडणं, उदासी, स्वतःविषयी अपराधी किंवा कुचकामी वाटणं, आणि नववा. दुःखात बुडालेला माणूसही आवडतं माणूस आलं, दुखणं तासभर थांबलं की थोडा खुलतो. नैराश्यात तो खुलत नाही.

काही उत्तरं प्रश्न न विचारताच येतात आणि ती बहुधा नर्सच्या किंवा सफाई कामगाराच्या कानावर पडतात. ‘तुमची सुटका करून टाकतो.’ ‘पुढच्या वेळी ही फाइल लागणार नाही.’ बरेच दिवस तळमळणारा माणूस अचानक शांत होतो, वस्तू वाटायला लागतो. ज्याने ऐकलं त्याने ते कुणाला सांगायचं, हे नावासकट ठरलेलं असावं.

इथे तीन गोष्टी एकमेकांत मिसळू नयेत. ‘मरण आलं तर बरं’ ही एक. ‘डायलिसिस आता नको, त्याचे परिणाम मला माहीत आहेत’ हा उपचार नाकारण्याचा निर्णय, ही दुसरी. ‘मी जीव देणार आहे’ ही तिसरी. उपचार नाकारणाऱ्याला आत्महत्येच्या विचारांचा रुग्ण ठरवणं अन्याय आहे. तरी त्याचा नकार नैराश्यातून, न हटलेल्या वेदनेतून किंवा खर्चाच्या धास्तीतून येतोय का, हे तपासल्याशिवाय सही घेऊ नका. फाइलमध्ये ‘जगण्याची इच्छा नाही’ असं मोघम न लिहिता रुग्णाचं वाक्य अवतरणचिन्हांत जसंच्या तसं उतरवा. रात्रपाळीच्या डॉक्टरला त्यातून जास्त कळतं.

पाचव्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर रुग्णाला एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहातसुद्धा नाही. सोबत प्रशिक्षित कर्मचारी हवा. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे सात रात्री न झोपलेल्या बायकोला किंवा मुलाला ‘लक्ष ठेवा’ सांगणं. तिला डुलकी लागणारच, आणि काही घडलं तर ती गोष्ट तिला जन्मभर पुरते. खोली नर्सिंग स्टेशनवरून दिसणारी निवडा, बेडभोवतीचं अनावश्यक सामान आणि औषधं काढून घ्या, आणि हे सगळं रुग्णाला कारण सांगून करा. मानसोपचारतज्ज्ञाची भेट त्याच दिवशी व्हावी. ‘मी असं करणार नाही’ अशी लेखी हमी घेण्याची पद्धत बंद करा. तिने कुणाचा जीव वाचतो याचा पुरावा नाही, आणि सही केलेला माणूस पुढे खरं बोलायला कचरतो. ‘कमी, मध्यम, जास्त धोका’ असे शिक्केही भविष्य सांगू शकत नाहीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शनात असे गुणांक आणि शिक्के वापरून अंदाज बांधू नका, असंच सांगितलं आहे. या माणसाला आज नेमकं काय लागतं, ते शोधा.

ते शोधताना औषधांचा तक्ता पहिल्यांदा उघडा. स्टेरॉइडचंच उदाहरण पाहा. १९७२ मध्ये बॉस्टनच्या औषधनिरीक्षण प्रकल्पात प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या रोजच्या ४० मिलिग्रॅमपर्यंतच्या डोसवर मानसिक त्रास १.३ टक्के रुग्णांत दिसला होता, ४१ ते ८० वर ४.६ टक्के, ८० च्या वर १८.४ टक्के. केमोबरोबर मळमळीसाठी दिलं जाणारं डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोनचे पन्नासच्या वर मिलिग्रॅम होतात, हे वॉर्डात सहसा कुणी मोजत नाही. रुग्ण दोन दिवस उत्साहात, जागा असतो, आणि डोस थांबला की खोल खड्ड्यात जातो. हे होऊ शकतं, आणि औषध उतरलं की ओसरतं, एवढं आधी सांगून ठेवलं तरी त्याला ‘मी वेडा होतोय’ असं वाटत नाही.

मेटोक्लोप्रामाइड हे त्याहून दुर्लक्षित. मळमळीचं साधं औषध, पण काही जणांत ते अकाथिसिया आणतं. माणसाला एका जागी बसवत नाही, पाय हलत राहतात, तो कॉटभोवती फेऱ्या मारतो, ‘कातडी सोलून बाहेर पडावंसं वाटतं’ असं काहीतरी म्हणतो. चार्टवर नोंद होते ‘घाबरलेला, बेचैन’. मग शांत करायला हॅलोपेरिडॉल दिलं जातं, त्यानेही अकाथिसियाच होतो, आणि आगीत तेल पडतं. ही अवस्था इतकी असह्य असते की त्यातून आत्महत्येचे विचार येऊ शकतात. औषध थांबवणं हा पहिला उपचार. लेव्हेटिरासिटाम सुरू केलेल्या एपिलेप्सीच्या रुग्णाचा स्वभाव पहिल्या काही आठवड्यांत चिडका, उदास झाला का, हे त्याला आणि घरच्यांना मुद्दाम विचारा.

आणि गप्प पडून राहणारा प्रत्येक रुग्ण उदास नसतो. तो डेलिरियममध्ये, म्हणजे शारीरिक बिघाडामुळे मेंदू गोंधळलेल्या अवस्थेत, असू शकतो. वर्षाचे महिने उलट्या क्रमाने म्हणायला सांगा. सकाळी जमतं आणि संध्याकाळी जमत नाही असं दिसलं, तर नैराश्याची गोळी लिहिण्याआधी जंतुसंसर्ग, सोडियम, कॅल्शियम, ऑक्सिजन बघा.

दुखण्याच्या बाबतीत एक भलताच उलटा प्रकार चालतो. रुग्णाने आत्महत्येचे विचार बोलून दाखवले की घाबरून त्याचं ओपिऑइड (मॉर्फिनसारखं तीव्र वेदनाशामक) एकदम कमी किंवा बंद केलं जातं. दुखणं उसळतं, वर औषध सुटल्याचा त्रास, आणि धोका कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. अचानक बंद करण्याच्या या धोक्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१९ मध्ये इशारा दिला आहे. डोस तोच ठेवा, एका वेळी हातात पडणारा साठा कमी करा : महिन्याऐवजी आठवड्याचा. बदललेल्या आणि बंद झालेल्या औषधांच्या उरलेल्या पट्ट्या परत मागवा. डोस बदलला की जुना साठा कपाटात तसाच राहतो, आणि त्याची नोंद कुठल्याच फाइलमध्ये नसते.

नैराश्य ओळखलं तरी ‘या आजारात गोळ्या काय करणार’ हा सूर असतोच. स्कॉटलंडमध्ये कॅन्सरसोबत मोठं नैराश्य असलेल्या ५०० रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रशिक्षित नर्सनी चार महिन्यांत जास्तीत जास्त दहा भेटी घ्यायच्या, मानसोपचारतज्ज्ञाने मागून देखरेख करायची, औषधाचे बदल रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरमार्फत करायचे, अशी रचना. २४ आठवड्यांनी ६२ टक्क्यांची लक्षणं निम्म्यावर आली, नेहमीची काळजी मिळालेल्यांत १७ टक्क्यांची. कॅन्सर तोच होता. औषध निवडताना मात्र दोन गोष्टी पाहा. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्याची औषधं टाळा, त्यांच्यामुळे टॅमॉक्सिफेनचं शरीरात होणारं रूपांतर अडतं. भूक आणि झोप दोन्ही गेलेल्या माणसाला मिर्टाझापिन सोयीचं पडतं. परिणाम दिसायला आठवडे लागतात, तोवर भेटी थांबवू नका.

‘ओझं झालोय’ यावर मात्र गोळी नाही. तिथे बेडशेजारी कमोड लागतो, वास न येणारी स्टोमाची (पोटावर केलेल्या छिद्राला लावायची) पिशवी लागते, बायकोला आठवड्यातून दोन रात्री झोप मिळेल अशी सोय लागते. समाजसेवकाला यासाठी बोलवा, बिलाच्या अर्जापुरतं नको.

डिस्चार्जच्या वेळी स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या पद्धतीचा सुरक्षा आराखडा करून द्या. पायऱ्या सहा : विचार वाढताहेत याच्या खुणा, एकट्याने मन दुसरीकडे वळवायचे उपाय, मन रमेल अशी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, उपचार करणारे आणि तातडीची सेवा, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू दूर करणं. २०१८ मध्ये आलेल्या अमेरिकी माजी सैनिकांवरच्या अभ्यासात असा आराखडा दिला आणि नंतर फोन केले, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित कृती ४५ टक्क्यांनी कमी दिसल्या. पहिला फोन ७२ तासांच्या आत, मग पुढच्या उपचारात माणूस स्थिरावेपर्यंत दर आठवड्याला. आराखडा बिघडतो तो असा : डॉक्टर स्वतःच्या शब्दांत भरतो, ‘संगीत ऐकणे’ असं काहीतरी लिहितो, आणि रुग्णाला आता ऐकूच कमी येतं. किंवा कागद फाइलमध्येच राहतो. किंवा फाइलवरचा नंबर मुलाचा असतो. फोन त्याला जातो, तो ‘बाबा बरे आहेत’ म्हणतो, आणि पाठपुरावा झाल्याची टिक पडते. रुग्णाचा स्वतःचा नंबर घ्या आणि फोनवर कधी एकटे असता तेही विचारून ठेवा.

फोन करायला माणसं कमी पडत असतील तर पत्रंही चालतात. सॅन फ्रान्सिस्कोत मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे दाखल होऊन पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांपैकी निम्म्यांना पाच वर्षांत २४ छोटी पत्रं पाठवली. त्यांत विचारपूस होती, मागणी काहीच नव्हती. पहिल्या दोन वर्षांत त्या गटात आत्महत्या कमी झाल्या.

हे पत्र एखाद्या आजारी वाचकाच्या हाती पडलं असेल आणि वरचं काही ओळखीचं वाटलं असेल, तर आजच तुमच्या नर्सला किंवा डॉक्टरला ‘मला जगणं नको वाटतंय’ एवढंच वाक्य सांगा. आत्ता आवरत नसेल तर जवळच्या माणसाला हाक मारा, तातडीच्या सेवेला फोन करा, आणि मदत येईपर्यंत एकटे राहू नका.

प्रमुखांना एक छोटं काम सुचवतो. तुमच्या विभागाच्या डिस्चार्ज कार्डवर ‘त्रास झाल्यास संपर्क’ म्हणून जो नंबर छापलेला आहे, तो आज रात्री दोन वाजता स्वतः फिरवा. किती रिंग झाल्या, कुणी उचलला, आणि ‘मला जगावंसं वाटत नाही’ म्हटल्यावर त्याने काय सांगितलं, ते लिहून ठेवा आणि सकाळच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवा.

कळावे,
शारीरिक आजारांच्या वॉर्डांत मानसिक आरोग्य आणि वेदनाशमनाचं काम करणारे